पिवळं फडकं

"बांधणार नाही म्हणजे नाही! हवं तर मलाही मेलेल्यांत धरा तुमच्या त्या कागदावर!"

रोसेंदानं फडकं मॅडमच्या पायाशी फेकलं. मॅडम शहरातली, वादळात काय करायचं ते गावोगाव शिकवत फिरणारी. तिनं फडकं उचललं, झटकलं.

"मानंग," थोरल्या बाईला गाव म्हणतं तसं ती म्हणाली, "नियम सगळ्यांना एकच. घर सोडलं की फाटकाला पिवळं फडकं. शोधणाऱ्यांचा वेळ जात नाही मग."

"नाहीच गेला ना. गेल्या वर्षी अजिबात गेला नाही."

सगळे कोंबडी घातलेल्या पेजेच्या पातेल्याकडे बघायला लागले. वेन्सिंग हेल्मेटचा पट्टा घट्ट करत होता. तो घट्टच होता. गावचा राखणदार तो, किनाऱ्यालगतची बारा घरं त्याच्याकडे. दात काढायच्या आधी सुई टोचतात आणि गाल आपला राहत नाही, तसा तो वर्षभर होता, सगळाच.

गेल्या वर्षीही अशीच तालीम झाली होती. फडकी चांगल्या कापडाची, फुकटची. रोसेंदानं आपलं सोडलंच नाही, कारण फाटकाची कडी तुटली होती आणि फाटक धरून ठेवायला फडकं बरं पडत होतं. कडी तुटलीय हे वेन्सिंगला माहीत होतं. "बसवून घ्या की, मानंग," असं त्यानंच दोनदा सांगितलं होतं.

नंतर खरं वादळ आलं. रोसेंदा लेकीच्या बाळंतपणाला शहरात अडकलेली. घरी एकटा नवरा, पेलाग्यो, एक पाय गेलेला. चालता न येणाऱ्यांनी काय करायचं तेही ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं. पिशवी भरा, दाराशी बसा, राखणदार न्यायला येईल. पेलाग्यो बसला. पाणी ओसरल्यावर तो सापडला मागच्या बांबूत. पिशवी गळ्यात तशीच, आत प्लास्टिकमध्ये बांधलेली औषधं कोरडी. एक गोळीसुद्धा भिजली नव्हती.

"म्हाताऱ्याला झोप लागली असणार," गाव म्हणालं. "वेन्सिंगनं दार ठोठावलं, ओ आली नाही, वर फडकं बांधलेलं. त्यानं तरी काय करायचं?" रोसेंदाही तेच म्हणायची. फडकं नसतं तर त्यानं दार फोडलं असतं. फडकं मी ठेवलं. मी मारलं त्याला.

मॅडमनं भोंगा फिरवला. तालीम सुरू. भर दुपार, आभाळात ढगाचं नाव नाही, आणि माणसं पिशव्या घेऊन शाळेकडे निघाली, हसत, पेजेला उशीर नको म्हणून भराभर.

तालमीत सोंग घ्यायला नेमलेला तितिंग वाटेत आडवा पडला होता. कपाळावर टोमॅटो सॉस, त्यावर माश्या.

"नोंग," थोरल्या भावाला मारतात तशी त्यानं वेन्सिंगला हाक मारली, "मी मेलोय का नुसता जखमी? मेलो असेन तर सावलीत सरकतो."

"गप पड."

"दोन माश्या नाकात गेल्या, नोंग! हे नियमात बसतं का?"

वेन्सिंग पुढे गेला. दहा फाटकं, दहा फडकी. हाक, दार, खूण. अकरावं रोसेंदाचं. फडकं नाही. फाटकाला नवी कडी, ऊन लागून चकाकत होती. तो आत गेला आणि दार वाजवलं. तीनदा.

"उघडंच आहे."

ती दाराशी खुर्ची टाकून बसली होती. मांडीवर पिशवी.

"बघत होते, कसं वाटतं ते," ती म्हणाली. "इथून फाटक दिसतं रे. पार वाटेपर्यंत दिसतं."

वेन्सिंगच्या हातात कागद होता. हाक मारली, एक खूण. दार वाजवलं, एक खूण. गेल्या वर्षी या दोन्ही खुणा त्यानं शाळेत बसून केल्या होत्या, ओल्या कपड्यांत, दुसऱ्याचं पेन मागून.

"मानंग, मी दार वाजवलं नव्हतं."

तिनं मान वर केली नाही.

"फाटकातूनसुद्धा आत आलो नाही. वाटेवरून फडकं दिसलं, वाटलं कुणीतरी नेलं असेल. पुढे गेलो. कडीचं आठवलं ते शाळेत पोचल्यावर. तेव्हा पाणी आत शिरलं होतं."

बाहेर तितिंग कण्हायला लागला, मॅडम जवळ आली असावी. रोसेंदानं पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

"म्हणजे तो जागा होता."

"असेल."

"असेल काय, होताच. पावसात त्याला झोप लागतच नसे." ती फाटकाकडे बघत होती. "जाताना दिसला असशील तू त्याला."

वेन्सिंगला वाटलं आता काहीतरी होईल, छातीत, नाहीतर डोळ्यांत. काही झालं नाही. गाल आपला नव्हता.

"मला शिव्या द्या, मानंग."

"मॅडमला सांगशील?"

"आज सांगतो. सगळ्यांसमोर."

"सांग." ती उठली नाही. "आणि ती खूण कर. आज वाजवलंयस तू."

त्यानं खूण केली. पेन चालेना, दोनदा गिरवावं लागलं.

"मला निघायला हवं आता," तो म्हणाला. "एक घर राहिलंय."