भरावातलं छप्पर

वास्तुकार येपेच्या इमारतीला बक्षीस द्यायला कोपनहेगनहून आलेल्या पाहुण्यांची बस आली, त्या दिवशी सिसेल सकाळपासून धुमसत होती. का धुमसू नये? तीन वर्षं कंबर मोडून जमवलेलं गवत तिने या माणसाच्या नुसत्या शब्दावर देऊन टाकलं होतं. कागद नाही, सही नाही. लेसो बेटावर गवताचा कागद करतात का कुणी!

गवत म्हणजे समुद्राचं. वादळानंतर लाटा ते किनाऱ्यावर टाकून जातात. बायका ते कुरणावर पसरतात, पावसात धुऊ देतात, वाऱ्यावर वाळवतात. मग मांडीएवढे जाड पीळ वळून वळचणीच्या रिपांना बांधायचे आणि वर कमरेइतका थर चढवायचा. एकटीदुकटीचं काम नव्हे, अख्ख्या गावच्या बायका चढतात. पहिला पीळ मात्र जिचं घर तिनेच वळायचा. नीट घातलेलं छप्पर नातवंडांच्या नातवंडांना पुरतं. पण हल्ली किनाऱ्यावर गवत येतंच किती? एका घरापुरतं जमायला सिसेलला तीन वर्षं लागली. आणि ते घर होतं शेजारच्या आबेलोनेचं. म्हातारीच्या छपराची पश्चिमेची बाजू खचली होती आणि स्वयंपाकघरात बादल्या मांडलेल्या होत्या.

तेवढ्यात येपे उगवला. बंदराजवळ पर्यटकांसाठी घर बांधायचं काम गावसभेने त्याला दिलं होतं. सिसेलच्या स्वयंपाकघरात बसून त्याने काळ्या पावावरचे हेरिंग मासे दोनदा मागून घेतले.

"सिसेलबाई, मला माझं काही बांधायचंच नाही," तो म्हणाला. "या बेटाला जे हवंय ते बांधायचंय. वळचण हाताला लागेल इतकी खाली, खांब जुन्या जहाजांच्या लाकडाचे, आणि छप्पर तुम्हा बायकांच्या हातचं. तरुण मुलीही शिकतील."

मुली शिकतील म्हटल्यावर सिसेल विरघळली. ती आबेलोनेकडे गेली. "एक हिवाळा थांबशील?"

"मुली शिकणार असतील तर थांबते," आबेलोने म्हणाली. "बादल्यांना काय, सवय झालीय माझी."

त्याला आता तीन हिवाळे झाले होते. बायकांना कुणी बोलावलंच नाही. उभं राहिलं ते काचेचं उंच धूड, वर जस्ताचा पत्रा, आणि भिंतींवर जाळीत कोंबलेल्या गवताच्या उशा. उशा! पावसाचा एक थेंब अडवायच्या कामाच्या नाहीत, नुसत्या दाखवायच्या. सिसेलने रागाने त्या मोजल्या होत्या. तिच्या गवताचा दहावा हिस्साही त्यांत गेला नव्हता. उरलेलं बंदरावरच्या गोदामात असेल, बक्षिसाचं उरकलं की मागून घेऊ, असं तिने आबेलोनेला सांगून ठेवलं होतं. म्हणून तर ती आज आली होती, आणि सोबत काठी टेकत आबेलोनेही.

येपे भाषणाला उभा राहिला. जागेशी संवाद, वारशाचा आदर, सगळं झालं. मग तो म्हणाला, "आणि आम्ही इथलं काहीच वाया घालवलं नाही. भिंतींतून उरलेलं गवत आम्ही या जमिनीलाच परत दिलं. तुमची बस जिथे उभी आहे ना, तिथे दलदल होती. तिचा भराव त्याच गवताचा आहे."

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

सिसेलच्या कानांत ते शब्द शिरले, पण डोक्यात उतरायला वेळ लागला. मग ती उठली आणि सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"म्हणजे आबेलोनेच्या छपरावर तू गाड्या उभ्या केल्यास?"

"सिसेलबाई, नंतर बोलू या का?"

"तीन हिवाळे नंतरच बोलतोय आपण! जागेशी संवाद म्हणे. शंभर पावलांवर ही बाई राहते. तिच्याशी बोललास का कधी?"

येपेने पाहुण्यांकडे बघून हसायचा प्रयत्न केला. "मी तुमच्यासाठी नवं गवत मागवून देतो की."

"कुठून मागवणार? दुकानातून?"

उत्तरासाठी ती थांबली नाही. समोरच्या गोठ्यात शेण ओढायचं दाताळं होतं, ते घेऊन ती तडक बसपाशी गेली. बस चालवायला आबेलोनेचा भाचा स्वेन होता.

"स्वेन, बस हलव."

स्वेनने आधी पाहुण्यांकडे पाहिलं, मग आत्याकडे. "आत्या, तू काय म्हणतेस?"

"माझ्या छपरावरून खाली उतर, बाळा," आबेलोने म्हणाली.

त्याने गाडी सुरू केली. येपे धावत आला, हे सरकारी काम आहे, पोलिसांना बोलवावं लागेल, असं काहीबाही ओरडू लागला. सिसेलने खडी बाजूला ओढली आणि दाताळं खाली रुतवलं. एवढ्यात गावच्या आणखी दोघीतिघी आपापली दाताळी घेऊन आल्या. गुणवंतांना बक्षीस द्यायला आलेली मंडळी तोंडं वासून बघत राहिली.

वीतभर खाली गवत लागलं. काळं पडलेलं, चाकांनी दाबून घट्ट झालेलं. आबेलोने काठी टाकून गुडघ्यांवर बसली. तिने एक मूठ उपसली, झटकली, नाकाशी नेली. सिसेलला तिच्याकडे बघवेना.

"चुकलं माझं, आबेलोने. तुझं होतं ते."

म्हातारीने आणखी दोन मुठी ओढून घेतल्या आणि तिथेच, खडीत बसून, पहिला पीळ वळायला घेतला.