खांबावरची ओतिलिया

ओतिलिया हुडाकोव्हा अंगणात कोबी चिरत होती, तेव्हा खांबावरच्या भोंग्यातून तिचाच आवाज बोलायला लागला. त्यात नवल काही नव्हतं. गेलं वर्षभर कालिनोवेत्समध्ये रोज सकाळी असंच व्हायचं. आधी लोकगीताचे चार सूर, मग "ग्रामस्थांना कळवण्यात येतं की", आणि मग पाणी कधी बंद राहणार, कोंबडीची पिलं विकणारी गाडी कुठे उभी आहे, कोण वारलं. तीसेक वर्षं हे सगळं तिने स्वतः वाचलं होतं, पंचायतीच्या माडीवरच्या खोलीत मायक्रोफोनसमोर बसून. गुडघे जिना चढेनासे झाले तेव्हा सरपंच डुशान ह्रिन्को म्हणाला, "काकू, तुम्ही खुशाल घरी बसा, पण आवाज ठेवून जा." कोशित्से शहरातून दोघं तंत्रज्ञ आले. त्यांनी तिच्याकडून वाक्यं वाचून घेतली, पंचायतीत पडलेल्या जुन्या टेपा नेल्या, आणि त्यानंतर कारकून संगणकावर जे लिहील ते ओतिलिया बोलू लागली. तेव्हा ती हुरळून गेली होती. "मी मेले तरी गावाला पाणी कधी येणार ते मीच सांगणार," असं ती दुकानात हसत हसत सांगायची.

नवरा विन्सो पिंपात कोबी आणि मीठ थरावर थर दाबत होता. भोंगा म्हणाला, "ग्रामस्थांना कळवण्यात येतं की, जुन्या शाळेची इमारत परदेशी पुरुषांच्या छावणीला द्यावी, अशी मागणी डॉक्टर झ्लातित्सा बेन्योव्हा यांनी जिल्ह्याकडे केली आहे. आईवडिलांनी आपल्या मुलींना सांभाळावं."

ओतिलियाची सुरी थांबली. शेवटचं वाक्य कसं गोड म्हटलं होतं! नाताळात मुलांना भेटी वाटायच्या असल्या की ती ज्या सुरात सांगायची, त्याच सुरात.

"काय म्हणाली?" विन्सोने विचारलं. त्याला डाव्या कानाने कमी ऐकू यायचं.

"कोण काय म्हणाली?"

"तूच की."

"मी काही म्हणाले नाही," ओतिलिया म्हणाली आणि ओले हात तसेच एप्रनला पुसून फाटकाकडे गेली. समोरच्या घराच्या खिडकीत शेजारीण उभी होती. तिने ओतिलियाकडे बघून मान हलवली, बरं केलंस म्हणावं तशी.

झ्लातित्सा गावातली गुरांची डॉक्टर. पुढच्या शनिवारी निवडणूक होती आणि सरपंचपदाला ह्रिन्कोच्या विरोधात ती एकटी उभी होती. जुन्या शाळेसाठी तिने जिल्ह्याला लिहिलं होतं हे खरं, पण म्हाताऱ्यांना दिवसभर बसायला जागा हवी म्हणून. ओतिलियाला हे पक्कं ठाऊक होतं. झ्लातित्साने तिच्याच स्वयंपाकघरात बसून, खसखशीचा गोड रोल खात खात तिला ते सांगितलं होतं, आणि ओतिलिया म्हणाली होती, "पहिली खुर्ची विन्सोची. म्हणजे मला घरात जरा श्वास घेता येईल."

ती तशीच दुकानात गेली. दुकानदार इर्मा पाव लावत होती.

"शाबास, काकू. कुणीतरी तोंड उघडलं म्हणायचं."

"इर्मा, ती मी नव्हते. ते यंत्र आहे. तुला माहीत आहे ना, वर्षभर यंत्रच बोलतंय."

"हो, पण यंत्रात तुम्हीच आहात ना? कारकुनाने तुम्हाला विचारल्याशिवाय टाकलं असेल होय?"

"मला कुणी काही विचारत नाही. त्यात ते जे घालतील ते निघतं."

इर्माने पाव तसाच हातात धरला. "पण आजवर खोटं कधी निघालं नाही," ती म्हणाली. "माझे बाबा गेले ते तुम्हीच सांगितलंत. पूर आला तेव्हा रात्रभर तुम्हीच बोलत होतात. आता एकदम म्हणता, ती मी नव्हते."

तोवर कुणीतरी तो निरोप फोनवर रेकॉर्ड करून गावाच्या ग्रुपवर टाकला होता. संध्याकाळपर्यंत तो शेजारच्या तीन गावांत पोचला. कोशित्सेला राहणाऱ्या भाचीने फोन करून विचारलं, "मावशी, तू कधीपासून राजकारणात पडलीस?"

सरपंच ह्रिन्को हा वाईट माणूस नव्हता, निदान ओतिलियाला तोवर तसं कधी वाटलं नव्हतं. त्याच्या देवळातल्या पहिल्या प्रसादविधीला ती हजर होती. तो कपाट धरून उभा राहायला शिकला तेही तिने पाहिलं होतं. म्हणून ती त्याला अरेतुरे करायची, आणि जिना कसाबसा चढून त्याच्या खोलीत गेल्यावरही तिने तेच केलं.

"डुशान, ते काढ. आणि चूक झाली म्हणून सांग. माझ्याच आवाजात सांग, मी काही म्हणणार नाही."

"बसा काकू. पाणी देऊ?"

"पाणी नको."

"मजकूर जिल्ह्याच्या पक्षकचेरीतून आला. मी फक्त लावायला सांगितलं. तिने शाळा मागितली आहे की नाही? मागितली आहे. उद्या त्या जागेत कोण येईल हे तुम्ही लिहून द्याल का मला?"

"तिने म्हाताऱ्यांसाठी मागितली आहे. तू ते पत्र वाचलं आहेस."

ह्रिन्कोने खिडकीबाहेर पाहिलं. "काकू, तुमच्याबद्दल गावाला किती आदर आहे! आता उलटसुलट बोलायला लागलात तर लोक म्हणतील, म्हातारीला काही सुधरत नाही. मला ते आवडणार नाही."

"धमकी देतोस?"

"काळजी करतो."

ती कठडा धरून जिना उतरली. खाली कारकून पोरगी मान खाली घालून टाइप करत होती. ओतिलिया तिच्याजवळ थांबली, पण पोरीने वर पाहिलं नाही.

झ्लातित्साच्या दवाखान्यात त्या दिवशी एकही जनावर आलं नव्हतं. ती ओट्यावर बसून फोनवर काहीतरी वाचत होती. ओतिलियाला बघून ती उठली, पण हसली नाही.

"ती तुम्ही नव्हतात हे मला माहीत आहे," ती म्हणाली. "पण क्षणभर, काकू, खोटं नाही सांगत, क्षणभर मला वाटलं की तुम्हीच."

ओतिलियाला ते फार लागलं, पण तिने ते गिळलं. "आता काय करायचं ते सांग."

"कायदा तुमच्या बाजूने आहे. सगळ्या युरोपचा कायदा. आवाज तुमचा, तेव्हा तो वापरू नका म्हणायचा हक्क तुमचा. तुम्ही अर्ज केलात की त्यांना उत्तर द्यावंच लागतं. नाही दिलं तर राजधानीत, ब्रातिस्लाव्हाला त्यासाठीची कचेरी आहे, तिथे तक्रार."

"किती दिवसांत उत्तर?"

"महिना."

"आणि मतदान?"

"पुढच्या शनिवारी," झ्लातित्सा म्हणाली. पलीकडच्या पिंजऱ्यात आदल्या दिवसापासून ठेवलेलं एक मांजर ओरडत होतं; त्याचा मालक त्याला न्यायला येत नव्हता.

अर्ज त्यांनी तरीही पंचायतीला पाठवला. जिल्ह्याच्या पोलिसचौकीतही गेल्या. तिथल्या अंमलदाराने तो निरोप दोनदा ऐकला, ओतिलियाला तीच वाक्यं वाचायला लावली आणि म्हणाला, "बाई, मला तर दोन्ही तुम्हीच वाटता. तुम्हीच म्हणताय की आवाज तुमचा आहे. मग चोरी कशाची?"

मग ओतिलिया घरोघर निघाली. विन्सो सोबत होता, एका हातात तिची पिशवी आणि दुसऱ्यात काठी. काही घरांत त्यांना बसवलं, सफरचंदं कापून दिली, आणि लोक म्हणाले, आम्हाला आधीच शंका आली होती. काही घरांत कुत्रा बांधला गेला नाही, तेव्हा फाटकातूनच परतावं लागलं. वरच्या आळीतल्या एका बाईने तर तिचा हात हातात घेतला. "तुम्हाला आता असं बोलायला लावलंय ना? कळतं हो आम्हाला. त्या डॉक्टरणीने भाग पाडलं असेल."

"मला कुणी भाग पाडलं नाही."

"नका घाबरू. आम्ही ऐकलंय तुमच्या तोंडून."

सर्वांत कठीण गोष्ट तिला त्या बाईच्या नवऱ्याने सांगितली, तीही अगदी साधेपणाने. तो म्हणाला, "ओतिलिया, तुझा आवाज बसलाय. भोंग्यातला ऐकला की वाटतं, हीच खरी ओतिलिया. तू बोलतेस ती दुसरीच कुणीतरी वाटतेस."

आणि ते खरं होतं. यंत्र शिकलं होतं ते जुन्या टेपांवर, तिच्या चाळिशीतल्या आवाजावर. खरखर, दम, खोकला, सगळं काढून टाकलेलं. घरी आल्यावर तिने विन्सोला विचारलं, "मी कशी बोलते?"

"जोरात," विन्सो म्हणाला. "नाहीतर मला ऐकू येत नाही." मग तिचा चेहरा पाहून त्याने टोपी काढली. "म्हातारी झालीस, ओति. आपण दोघंही झालो. त्यात लाज कसली?"

त्याच रात्री कुणीतरी झ्लातित्साच्या दवाखान्याची काच फोडली. वीट मांजराच्या पिंजऱ्यावर पडली. मांजर वाचलं, पण त्याचा मागचा पाय गेला. कुणाचं काम ते कळलं नाही, आणि शोधून काढण्याची घाईही कुणाला दिसली नाही.

रविवारी देवळातली मिस्सा, सकाळची उपासना, संपल्यावर ओतिलियाने पाद्रीबाबांना विचारलं, मला वेदीसमोर दोन शब्द बोलू द्याल का. ते म्हणाले, देवळात राजकारण नको. देवळाबाहेर देव मला थांबवणार नाही, असं म्हणून ती पायऱ्यांवर उभी राहिली. लोक रेंगाळले. बायांनी डोक्याचे रुमाल सारखे केले, पुरुषांनी सिगरेटी पेटवल्या.

"मी तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरातला जन्म आणि मरण सांगितलं आहे," ती म्हणाली. आवाज चिरकत होता, तिने तो चिरकू दिला. "डॉक्टर झ्लातित्साबद्दल जे सांगितलं गेलं ते खोटं आहे. ते मी बोललेले नाही. शाळा म्हाताऱ्यांसाठी मागितली आहे. माझ्यासाठी. तुमच्या आयांसाठी."

काही जणांनी माना डोलावल्या. पुढे उभी असलेली इर्मा काहीतरी विचारायला तोंड उघडणार, तेवढ्यात चौकातल्या खांबावर लोकगीताचे चार सूर वाजले. रविवारी भोंगा कधी वाजत नसे. लोकांनी माना वर केल्या.

"ग्रामस्थांना कळवण्यात येतं की," खांबावरची ओतिलिया म्हणाली, स्वच्छ, भरदार आवाजात, "निवडणुकीच्या दिवसांत काही व्यक्ती घरोघर जाऊन अफवा पसरवत आहेत. कृपया त्यांच्यावर विश्वास ठेवू नये."

मागे कुणीतरी हसलं. दुसऱ्याने त्याला गप्प केलं, पण तोही हसतच होता. ओतिलिया पायरीवर उभी होती. बोलायला तोंड उघडलं तेव्हा तिच्या लक्षात आलं की, भोंगा संपेपर्यंत आपण थांबलो होतो, सगळ्यांसारखेच, मान वर करून. पुढचं वाक्य तिला सुचेना. माणसं एकेक करून जेवायला घरी गेली. इर्माही गेली. विन्सोने तिचा दंड धरला आणि तिला पायऱ्यांवरून उतरवलं.

शनिवारी झ्लातित्सा थोडक्यात हरली. इतक्या थोडक्यात, की तिचे लोक दुसऱ्या दिवशीपर्यंत घरं मोजत बसले: हे एक घर फिरलं असतं, ते एक फिरलं असतं. ती स्वतः मोजत नव्हती. संध्याकाळी ती ओतिलियाकडे आली, कोबीचं सूप प्यायली, आणि तीन पायांच्या मांजराला आपण ठेवून घेतलं आहे असं तिने सांगितलं.

"तू गाव सोडणार नाहीस ना?" ओतिलियाने विचारलं.

"गाईंनी मत दिलेलं नाही," झ्लातित्सा म्हणाली. "त्यांना सोडून कुठे जाऊ?" पण म्हणताना तिने डोळे पुसले, आणि ओतिलियाने पातेल्यातलं सूप ढवळत राहून ते पाहिलं नाही असं दाखवलं.

पंचायतीने महिनाभर काही कळवलं नाही म्हणून त्यांनी तक्रार केली, आणि ब्रातिस्लाव्हाहून तिचं उत्तर आलं तेव्हा बर्फ पडायला लागला होता. पंचायतीने आवाज काढून टाकावा, असा हुकूम होता. ह्रिन्कोने तो निमूट पाळला. आता त्याला त्या आवाजाची गरज नव्हती. भोंग्यातून कुणी पुरुष बोलायला लागला, कुठला ते देव जाणे. त्याला गावातली आडनावंही धड म्हणता येत नव्हती. लोक हसले, मग चिडले, आणि चिडले ते ओतिलियावर. तिनेच बंद पाडलं, एवढं सर्वांना ठाऊक होतं. का बंद पाडलं, हे हळूहळू कुणालाच नीट आठवेनासं झालं.

नाताळाच्या आधी इर्माची आई वारली. त्या परक्या माणसाने तिचं नाव चुकीचं घेतलं. ओतिलिया दुकानात गेली तेव्हा इर्माने तिचा पाव न बोलता पिशवीत टाकला, आणि मग न राहवून म्हणाली, "आईला वाटायचं, आपल्या वेळी तुम्ही सांगाल. तेवढंही तुम्ही ठेवलं नाहीत."

ओतिलियाला पुष्कळ काही म्हणता आलं असतं. "त्या रविवारी पायऱ्यांपाशी तू काही विचारणार होतीस," ती एवढंच म्हणाली. इर्मा पाव लावायला वळली.

मातीच्या दिवशी ओतिलिया देवळात मागच्या बाकावर बसली. प्रेत नेताना गीत सुरू झालं. वरची पट्टी तिला आता लागत नव्हती, तरी ती सगळ्यांबरोबर गात राहिली, जिथे आवाज फुटला तिथे तसाच फुटू देत. पुढच्या बाकावरून इर्माने एकदा मान वळवून मागे पाहिलं. तिच्या नजरेत राग होता की आणखी काही, ते ओतिलियाला एवढ्या लांबून दिसलं नाही. मग इर्मा शवपेटीमागून चालायला लागली आणि ओतिलियाने शेजारी झोपी गेलेल्या विन्सोला कोपराने हलवलं.