हळिवाची खीर

चंद्राबायने भिजून फुगलेले हळीव कढईत ओतले आणि नारळाचं दूध बेताबेताने सोडत पळी फिरवली. शेजारी भूपेश गूळ चिरत बसला होता. चाळिशीला आलेला लेक. चिरत मात्र होता अगदी बारीक.

व्यसनमुक्ती केंद्रातून तो घरी आला त्याला आज एकवीस दिवस झाले. निघताना तिथल्या आहाराच्या बाईंनी कागद दिला होता. दर तीन तासांनी खाणं, अंडी, डाळी, पालेभाज्या. पोट रिकामं ठेवायचं नाही, भुकेल्या पोटी दारू आठवते. आणि हो, त्याला स्वयंपाकात हाताशी घ्या. सून रीमाने तो कागद वाचून दाखवला तेव्हा चंद्राबाय हसलीच.

"यो त बालंतिनीचा खाना हाय. ह्यात मना काय शिकवता?"

रीमा गोदामात ड्युटीला आणि नातवंड शाळेत गेलं की घरात हे दोघंच उरत. शेलार गावातल्या या घरात चंद्राबायने लेकीची दोन आणि सुनेचं एक अशी तीन बाळंतपणं काढली होती. चौथं हे, मिशीवाल्याचं! मुगाची पेज, शेवग्याचा पाला, डिंकाचे लाडू, सगळं अगदी तसंच. लेक रंजिता खारबावच्या सासरहून पहिल्या खेपेला माहेरी आली तेव्हा घर कसं मेथीच्या आणि धुरीच्या वासाने भरून गेलं होतं. किती सुखाचे दिवस होते ते. भूपेश लूमच्या कारखान्यातून सुटला की धामणकर नाक्यावरून बहिणीसाठी खारका आणायचा. तो भूपेश पुढे कुठे हरवला, हे चंद्राबायला दहा वर्षं उमगलं नाही. रात्री झाकून ठेवलेली ताटं सकाळी कुत्र्याला घालायची, एवढंच तिच्या हाती राहिलं होतं. आता तो समोर बसून चाटूनपुसून खात होता आणि तिला वाटे, आला परत, अर्धा तरी आला.

"रंजितासाठी खारका आनायचास, आठवतं का रं?"

"मंग! निम्म्या वाटेतच संपायच्या," भूपेश हसला.

खीर दाटत आली. बोलता बोलता चंद्राबायचा हात तांदळाच्या कोठीत कोपरापर्यंत गेला. एकविसाव्या दिवशी खिरीत दोन चमचे ब्रँडी घालायची, बाळंतिणीच्या हाडांत ऊब राहते, ही तिच्या आईपासूनची रीत. रीमाच्या बाळंतपणातली उरलेली बाटली तिने तांदळात पुरून ठेवली होती. झाकण फिरलं, वास नाकात शिरला, तेव्हा कुठे ती भानावर आली.

तिने बाटली झटकन पदराखाली घेतली. भूपेशची सुरी थांबली होती.

"आये, मना ठाव हाय ती."

"कवापासून?"

"आलो त्याच्या दुसऱ्या दिसापासून. पेजेचं तांदूल मीच काढतो ना सकाली. तांदूल कमी झालं का तिची मान वर येते. रोज परत पुरतो."

चंद्राबाय पाटावर टेकली. एकवीस दिवस आपण खाऊ घालून पोराला सावरतो आहोत, अशी तिची समजूत. आणि हा रोज सकाळी, उपाशीपोटी, एकटा त्या कोठीपाशी उभा राहत होता.

"बोलला का न्हायस?"

"तू रांधताना गुनगुनत होतीस. लय वर्सांनी आयकलं."

मग ती उठली आणि बाटली त्याच्यापुढे धरली.

"घे. तुझ्या हातानं ओत मोरीत."

भूपेशने दोन्ही हात मागे घेतले.

"न्हाय आये. माझ्या हातात नको देऊ."

ती मोरीकडे गेली. भूपेशने तिच्याकडे पाठ केली, पळी उचलली आणि खीर तळाला लागू नये म्हणून ढवळत राहिला.

"पानी सोड," तो मागे न वळता म्हणाला. "वास जाईस्तोवर सोड."