खाली ठेवलेला पेला

मी अबू दखीलच्या चुलीवरची कहव्याची, म्हणजे अरबी कॉफीची, किटली बोलतेय. आवाज घोगरा वाटला, तर तो धुराचा दोष समजा.

हाईल शहरातल्या तांबटाने मला घडवलं, तेव्हा मी पिवळीधमक होते. अबू दखीलच्या बापाने मला घरी आणलं आणि पहिल्याच दिवशी माझं तोंड काळं केलं. त्याला साठ वर्षं झाली. मी अगदी सुखात होते.

आम्ही राहतो अल-उलाच्या वाळवंटी खडकांत. वर जुन्या लोकांची थडगी, खाली आमच्या शेळ्या. दर दोन वर्षांनी शहरातले कलाकार येतात आणि वाळूत काहीबाही उभं करतात. मागच्या खेपेला शंभर शिड्या होत्या. माणसांना अर्थ कळला नाही, पण शेळ्यांना फार आवडल्या. अबू दखील त्याच प्रदर्शनाचा राखणदार.

यंदा जेद्दाहची जुमाना आली. प्रदर्शन चार दिवसांवर आणि तिची काचेची पेटी रिकामीच! बिचारी आमच्या तंबूत येऊन बसली. अबू दखीलने पेला भरून दिला. तिने तो तसाच खाली ठेवला आणि मोबाइल काढला.

आता, आमच्यात पाहुण्याने भरला पेला खाली ठेवला, म्हणजे त्याला काहीतरी मागायचं असतं. यजमानाने शब्द दिल्याशिवाय तो पीत नाही. शहरातल्या पोरीला हे काय ठाऊक!

"पी पोरी," अबू दखील छातीवर हात ठेवून म्हणाला, "मागशील ते दिलं."

"खरंच, काका?" तिने इकडेतिकडे पाहिलं. "मग ही किटली द्या ना!"

पडद्यामागून त्याची बायको उम्म दखील ओरडली, "अहो, ती मोबाइल बघत होती!"

"शब्द तोंडून गेला," अबू दखील म्हणाला.

"शेळी तरी दाखवायची होती तिला आधी!" उम्म दखील करवादली.

मी पेटीत गेले. शेजारी पाटी लागली, 'विस्मृती'. लोक यायचे, मान तिरकी करून म्हणायचे, "हा काळेपणा किती बोलतो!" अहो, काजळी आहे ती. अबू दखील दारात उभा राहून माझ्याकडे न बघता सांगायचा, "हात लावू नका." मला रडू यायचं. विस्तवाशिवाय किटली म्हणजे नुसतं भांडं.

शेवटच्या दिवशी जुमानाने पाहुण्यांना थर्मासमधला कहवा दिला. अबू दखीलने पेला घेतला, आणि वाळूवर ठेवला. गावातले सगळे म्हातारे एकदम जुमानाकडे बघू लागले.

"गार झालाय का, काका?"

उम्म दखीलने कपाळाला हात लावला. "पोरी, तू आमच्याकडे असाच ठेवला होतास. ह्यांना काहीतरी मागायचंय!"

जुमाना लालबुंद झाली. "म्हणजे त्या दिवशी... अरे देवा! प्या काका, मागाल ते दिलं. घेऊन जा तुमची किटली!"

"छे! दिलेलं मी परत घेत नाही. किटली तुझीच," अबू दखील म्हणाला. "पण तिचा विस्तव माझ्याकडे आहे. तिला तिथे राहू दे."

आता मी पुन्हा चुलीवर आहे, मालकीण मात्र जेद्दाहला. ती आली की स्वतःच्याच किटलीतून पाहुणी म्हणून पिते आणि पेला हातातून सोडत नाही.

तुम्हीही या. फक्त पेला खाली ठेवू नका. आमचा म्हातारा अजून काहीही देऊन बसेल, आणि उम्म दखील म्हणते, "आता घरात देण्यासारखी मीच उरले आहे."