बिनवासाचं इंधन

रंगाऱ्याचा जीव त्या स्टोव्हमध्ये अडकला होता. "बायकोपेक्षा जास्त," असं त्याची बायको, म्हणजे बाई, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या आणि वर स्वतःच हसायच्या. कारण तो सगळा खटाटोप आपल्यासाठीच चाललाय, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

गोष्ट साधीच. रंगाऱ्याने जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या, बाईंनी जन्मभर बालवाडीतली पोरं सांभाळली, आणि लग्न झाल्यापासून दर उन्हाळ्यात ही दोघं डोंगरावरच्या तळ्याकाठी तंबू ठोकून राहायची. पंप मारायचा पितळी स्टोव्ह, दोन पातेली, एक चटई, झालं! पण पुढे बाईंच्या छातीने दगा दिला. रॉकेलचा धूर नाकात गेला की खोकल्याची अशी उबळ यायची की बघणाऱ्याचाच जीव घाबरा व्हावा. मग गॅसची छोटी नळकांडी नेऊन पाहिली, तर वरच्या थंडीत ती पहाटे रुसून बसली. भटक्यांच्या सामानाच्या दुकानात पांढरं पेट्रोल मिळतं, ते स्वच्छ जळतं, पण डब्याची किंमत ऐकून रंगाऱ्याने दुकानदाराला विचारलं, "हे जाळायचं असतं की तिजोरीत ठेवायचं?"

तेव्हापासून तळं सुटलं. "तुम्ही एकटे जाऊन या हो," असं बाई म्हणायच्या, आणि रंगारी म्हणायचा, "छे, माझे गुडघे दुखतात." गुडघे ठणठणीत होते. बाईंना तळ्याची आठवण यायची, पण त्याहून जास्त त्यांना हे खोटं दुखणं सलायचं.

या वर्षी मात्र रंगाऱ्याने कंबर कसली. स्वस्तही हवं आणि स्वच्छही हवं, असं इंधन शोधूनच काढायचं. मागच्या ओट्यावर प्रयोगशाळा उघडली. पातेलंभर पाणी स्टोव्हवर ठेवायचं, उकळलं की पातेल्याचं बूड पांढऱ्या फडक्याने पुसायचं. फडकं काळं झालं की इंधन नापास. दुसरी परीक्षा बाईंची. त्या स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसायच्या. त्या खोकल्या की इंधन नापास.

स्पिरिट छोट्या दिव्यात छान जळलं, पण पाणी उकळेपर्यंत बाईंची एक झोप झाली. डिझेलने पातेल्याला असं काजळ घातलं की ते घासताना बाईंनी रंगाऱ्याच्या सात पिढ्यांची विचारपूस केली. मग बिनवासाचं म्हणून विकलेलं टर्पेंटाइन आलं.

"अगं, लवकर ये! याला तर वासच नाही!" रंगारी ओट्यावरून ओरडला.

बाई अजून दारापर्यंत पोचल्याही नव्हत्या, तरी त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. "वास नाही? अहो, शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या!"

रंगारी हसला, पण जरा उशिरा हसला. बालवाडीतल्या बाईच त्या. हसू उशिरा येतं तेव्हा पोराच्या मुठीत काहीतरी लपवलेलं असतं, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

चार दिवसांनी त्या भाजी आणायला गेल्या. जाताना सांगून गेल्या, "दुधाकडे लक्ष ठेवा." परतल्या तर करपल्याचा वास फाटकापर्यंत आलेला. धावत आत गेल्या. पातेलं काळंठिक्कर, स्वयंपाकघरात धूर, आणि हा भला माणूस शेगडीकडे पाठ करून टेबलाशी बसलेला. स्टोव्हच्या पंपासाठी चामड्याचा नवा वायसर कापत होता, वर शीळही घालत होता!

"अहो, दूध!"

रंगारी दचकून वळला. धूर डोळ्यांना दिसला तेव्हा कुठे त्याने चिमट्याने पातेलं उतरवलं.

दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर बाईंनी त्याच्यासमोर दोन पेले ठेवले. "एकात पाणी आहे, एकात रॉकेल. ओळखा."

रंगाऱ्याने पेला उचलून उजेडात धरला. "डोळ्यांनी नाही," बाई म्हणाल्या. "डोळे मिटा."

त्याने डोळे मिटले. एक पेला नाकाशी नेला, मग दुसरा. मग पुन्हा पहिला. शेवटी डोळे न उघडताच दोन्ही परत टेबलावर ठेवले.

"कधीपासून?"

"तो मोठा ताप आला होता ना, तेव्हापासून. म्हटलं, आज येईल, उद्या येईल."

"आणि मग रोज जेवताना 'वा, काय घमघमाट सुटलाय' म्हणता ते?"

"तुझ्याकडे बघून म्हणतो," रंगारी म्हणाला. "भाजी मनासारखी झाली की तू डाव कढईच्या काठावर दोनदा आपटतेस. नाही जमली की नुसता ठेवून देतेस."

बाईंना रागवायचं होतं आणि रडायचंही होतं. त्यांनी दोन्ही एकदमच उरकलं. "मला सांगायला काय धाड भरली होती?"

"सांगितलं असतं, तर तू म्हणाली असतीस, नाक मेलेल्या माणसाने तंबूत स्टोव्ह पेटवायचा नाही. मग तुझी छाती नापास आणि माझं नाकही नापास. आपण परत कधी गेलोच नसतो. आणि मला वेड्याला वाटायचं, तळ्यावर गेलो की वास येईल परत."

"म्हणालेच असते. आताही म्हणते. टाकीतून गळलं, वायसर गेला, तर तुम्हाला कळणार आहे का? ते काही नाही, पुरे झाले हे प्रयोग."

रंगाऱ्याने वाद घातला नाही. त्याने स्टोव्ह पुसला, पिशवीत घातला आणि पिशवी दाराआड ठेवली. तो वाद घालत नाही म्हटल्यावर बाईंना जेवण गोड लागेना. ही काय रीत झाली? भांडणाऱ्या माणसाने भांडावं तरी!

तेवढ्यात हार्डवेअरवाल्याचा फोन आला. रंगाऱ्याने सांगून ठेवलेल्या दोन बाटल्या आल्या होत्या. दोन्ही रंगात मिसळायच्या थिनरच्या जातीच्या, रॉकेलच्या स्टोव्हला चालणाऱ्या. एक पार गाळून बिनवासाची केलेली, दुसरी कमी गाळलेली आणि तिच्याहून बरीच स्वस्त. "नको म्हणून सांगतो," रंगारी पुटपुटला. बाईंनी पायांत चपला सरकवल्या आणि स्वतःच जाऊन बाटल्या घेऊन आल्या.

पहिली बाटली बिनवासाची. रंगाऱ्याने पंप मारला, निळी ज्योत झरझर उठली. पाणी उकळलं. फडकं पांढरं ते पांढरंच. बाई स्टोव्हजवळ आल्या, आणखी जवळ आल्या. खोकला नाही, काही नाही. रंगारी श्वास रोखून त्यांच्या तोंडाकडे बघत होता.

"पास?" त्याचा आवाज चिरकला.

"दुसरी लावा."

स्टोव्ह निवल्यावर त्याने दुसरी भरली. फडक्यावर जेमतेम बोटभर राखाडी डाग उठला. बाई वाकल्या. एकदा खाकरल्या, घसा साफ केला आणि जराशाने सरळ झाल्या.

"ही," त्या म्हणाल्या.

"अगं, ही कशी? हिला वास आहे, मी पाहिलं ना तू खाकरलीस ते!"

"आहे म्हणूनच ही. ती पहिली गळली, तर ना तुम्हाला कळणार, ना मला. ही गळली तर मला झोपेतसुद्धा कळेल, आणि मी तुम्हाला उठवेन." बाईंनी बाटलीचं झाकण घट्ट लावलं. "पेटवायचं तुम्ही, हुंगायचं मी. बाहेर मोकळ्यावर पेटवायचा, तंबूत नाही. कबूल असेल तर निघू."

"आणि तुझा खोकला?"

"एवढ्याशाने नाही येत. आलाच तर पाठीवरून हात फिरवा, तेवढं तर येतं ना तुम्हाला?"

रंगाऱ्याने मान डोलावली. ज्योत चांगली पेटलेली असतानाही तो उगाचच पंप मारत बसला. मग खाली बघूनच त्याने विचारलं, "कसला आहे गं वास?"

बाई पुन्हा वाकल्या. या वेळी त्यांनी जरा वेळ घेतला.

"नवीन नवीन लग्न झालं तेव्हा तुम्ही पाटी रंगवून घरी यायचात ना," त्या म्हणाल्या, "दारातून आत आलात की यायचा, तसा. अगदी थोडासा."

रंगाऱ्याने डोळे मिटून एक लांब श्वास घेतला. त्याला कसलाच वास आला नाही. तरी त्याने पुन्हा एक घेतला, आणि बाई त्याच्या शेजारी ओट्यावर बसल्या.