चौथी गोळी

जपण्याच्या नावाखाली तुम्ही माझी साक्ष चुन्याने बुजवलीत. या भोकात काय आहे, एवढं एकदा विचारायचं तरी!

मी बर्लिनच्या पश्चिमेचा किल्ला. राजधानी राखायला सव्वाशे वर्षांपूर्वी मला बांधलं. लाल विटांचा, खोल खंदकाचा. बांधून होईतो नवे तोफगोळे निघाले आणि मी निकामी ठरलो. पुढे राजधानी आभाळातून जळली. मी नुसता पाहत राहिलो.

मग देशाचे दोन तुकडे झाले. मी पूर्व जर्मनीत राहिलो, शहर सीमेपलीकडे पश्चिमेच्या ताब्यात. सीमा माझ्या पायाशी आली आणि माथ्यावर बंदूकवाले पहारेकरी. १९६८ साली डीटर नावाचा एकोणीस वर्षांचा पोरगा माझ्या खंदकातून शहराकडे पळाला. जे शहर राखायला मी जन्मलो, तिकडे धावणाऱ्यावर माझ्याच माथ्यावरून गोळ्या सुटल्या. तीन त्याला लागल्या, चौथी माझ्या भिंतीत घुसली. कागदावर लिहिलं: अपघात.

सीमा उठल्यापासून त्याची बहीण हेल्गा दर नोव्हेंबरात येते. भोकात बोट घालते. तळाशी गोळीचा गार तुकडा लागला की म्हणते, "आहे."

२००७च्या ऑक्टोबरात, दर शनिवारी मला साफ करणाऱ्या मंडळींबरोबर ऊर्मिला आली. ती इथे पीएचडी करते. सोबत साताऱ्याहून आलेले तिचे वडील, दीनानाथ. उभा जन्म गडांवर श्रमदान केलेला माणूस. माझ्या उंबऱ्याला हात लावून त्यांनी तो कपाळाला टेकवला. मला आजवर कुणी नमस्कार केला नव्हता.

"लढाया किती झाल्या गं इथे?"

"एकही नाही, बाबा. पाटीवर तसंच लिहिलंय."

"असू दे. गड तो गड."

दुपारी त्यांना ते भोक दिसलं.

"बाबा, थांबा. आधी विचारूया कुणाला तरी. इथे खिळा ठोकायलासुद्धा टेर्मिन, म्हणजे आगाऊ वेळ, ठरवतात."

"भोक बुजवायला कसली आलीय टेर्मिन? पाणी मुरतं, मुळं धरतात, भिंत फुटते. सिमेंट नको हं, चुना आण."

सळईने त्यांनी तो तुकडा उकरला आणि राडारोड्यात फेकला. चुन्यात विटेची भुकटी कालवून रंगसुद्धा जुळवला. हात किती मायेचा होता! मी ओरडत होतो. विटांना आवाज नसतो.

नोव्हेंबरात हेल्गा आली, ती एका अधिकाऱ्याला घेऊन. डीटरच्या नावाचा दगड बसवायचा तर गोळीचा पुरावा हवा होता, आणि या माणसाला इथवर आणायला तिला नऊ वर्षं लागली होती.

ती भिंत चाचपत राहिली. वीट न् वीट. बोटं सोलवटली.

अधिकाऱ्याने वही मिटली.

"आल्झो, असो," तो म्हणाला, "भिंत मात्र फार छान राखलीय."