डाव्या चाकाची तक्रार

ताईची मोटरसायकल तीन चाकांची होती. पुढे दोन, मागे एक. सिग्नलला थांबली की लोक वळून बघायचे आणि ताई समोर बघत मान ताठ करायची. चौदा दवाखान्यांतून रक्ताच्या नळ्या गोळा करायच्या आणि दुपारी एकच्या आत प्रयोगशाळेत पोचवायच्या, हे तिचं काम. आधी दुचाकी होती. नळ्या फार हिंदकळतात अशी बोलणी बसायला लागली तेव्हा ती माझ्याकडे आली आणि मी ही गाडी निवडून दिली. त्या दिवशी तिने मला तोंड भरून शाबासकी दिली होती.

माझं गॅरेज सस्पेन्शनचं. इंजिनाला मी हात लावत नाही. चाक आणि सांगाडा यांच्यामध्ये जे काही असतं, शॉक, स्प्रिंगा, दांडे, दांड्यांच्या सांध्यातले रबरी बुश, तेवढंच माझं राज्य. लहानपणी खिशात पाना घालून हिंडायचो म्हणून ताईने माझं नाव पान्या ठेवलं, ते आता गिऱ्हाइकंही घेतात. रागही माझा नाकावरच असतो. माझ्या कामाला कुणी नावं ठेवलेली मला खपत नाहीत, आणि आजवर तशी वेळ फारशी कुणी आणली नव्हती.

गाडी निवडताना मी स्टॅबिलिटी कंट्रोलवर अडून बसलो होतो. ते काय करतं, तर गाडी वेडीवाकडी वळायला लागली की चालवणाऱ्याच्या आधी तेच ओळखतं, हव्या त्या एकाच चाकाला ब्रेक लावतं, इंजिनाचा जोर कमी करतं आणि गाडी सरळ करून देतं. समोर एक पिवळा दिवा दोनदा लुकलुकतो, बस. चालवणाऱ्याला नीट कळतही नाही. दर वेळची नोंद गाडीच्या पोटातल्या कॉम्प्युटरमध्ये राहते. मी ताईला म्हणालो, हिच्यावरून पडायचं म्हटलंस तरी पडता येणार नाही. खरंच नाही पडली ती, एकदाही नाही.

पहिली तक्रार आली तेव्हा गाडीला वर्षही झालं नव्हतं. डावीकडे ओढते, ताई म्हणाली. बघितलं तर पुढच्या डाव्या चाकाच्या खालच्या दांड्याचे बुश पार चेपलेले. चाळीस हजार किलोमीटर जायला हवेत, ते नऊ हजारांत गेले होते. उजवीकडचे कोरे करकरीत. मी बदलून दिले. दोन महिन्यांनी पुन्हा तेच, वर चाक ज्या सांध्यावर वळतं तो बॉल जॉइंटही खुळखुळा. या वेळी मी सुट्या भागांच्या दुकानदाराला धारेवर धरलं, नकली माल देतोस म्हणून. तो बिचारा शपथा घेत राहिला. मी दुसऱ्याकडून माल आणला आणि गाडी पुन्हा उभी केली.

काम संपलं की कॉम्प्युटरमधली नोंदींची यादी पुसून टाकायची, ही माझी सवय. नव्या कामाला पाटी कोरी हवी. त्या यादीत दोष असेल तर तो लाल अक्षरांत येतो, आणि ताईच्या गाडीत लाल काहीच नव्हतं. बाकीची ओळन्‌ओळ म्हणजे स्टॅबिलिटी कंट्रोलने आपलं काम बजावल्याची पावती. पावत्या कोण वाचतं? दोन्ही वेळा मी बटण दाबून सगळं पुसून टाकलं.

मधल्या काळात एका रविवारी ताई-भावोजींकडे जेवायला गेलो होतो. ताईने ताटातलं अर्धं जेवण तसंच ठेवलं आणि उठली. मी म्हणालो, आता या वयात बारीक होऊन कुणाला दाखवायचंय? भावोजी हसले. ताईही हसली. ताटाची उजवी बाजू चाटूनपुसून साफ होती आणि डावीकडे सगळं वाढलेलं जसंच्या तसं होतं. मी ते बघितलं होतं. बघून विनोद केला होता.

तिसऱ्यांदा गाडी आली तेव्हा डावा शॉक गळत होता, रिमची कड वाकली होती आणि टायरची बाजू खरवडून निघाली होती. टायरची बाजू अशी कशाने खरवडते हे या धंद्यात पहिल्या आठवड्यात कळतं. फुटपाथच्या कडेला घासून. मी ताईला विचारलं, आता फुटपाथवरून चालवतेस का? तिच्या अंगाचा तिळपापड झाला. तीस वर्षं ती रस्त्यावर होती, अंगावर एक ओरखडा नव्हता. मला गाडी चालवायला तिनेच शिकवलं होतं, मागे बसून, कान पिरगाळत. ती म्हणाली, गाडी डावीकडे ओढते, मी कुठे घासत नाही, तुला दुरुस्त करता येत नसेल तर तसं सांग.

मी शॉक, रिम, टायर बदलले, सवयीने यादी पुसली, गाडी चाकांची रेघ मोजणाऱ्या अलाइनमेंटच्या यंत्रावर चढवली आणि तिला आकडे दाखवले. सगळे शून्याला शून्य. ती पडद्याकडे बघायलाही तयार नव्हती. दोन गिऱ्हाइकं उभी होती, त्यांच्यादेखत ती म्हणाली, "तुझ्या हाताला आता पूर्वीची सफाई राहिली नाही, पान्या."

मी म्हणालो, "आणि तुझं वय झालंय. घरी बस आता."

ती हेल्मेट घालून निघून गेली. चार आठवडे आम्ही एकमेकांशी बोललो नाही. तिचं नाव निघालं की मी हातातला पाना टाकून दुसरा शोधायला लागायचो. ते चार आठवडे मला परत कुणी देणार नाही.

शेवटी भावोजी गॅरेजमध्ये आले. शाळेत चित्रकला शिकवणारा शांत माणूस, आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही. उंबऱ्यातच उभे राहून म्हणाले, तू एकदा तिच्या मागे बसून जा. मी म्हटलं, गाडीत काही नाहीये. ते म्हणाले, म्हणूनच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या मागे बसलो. तिने आरसा माझ्या उंचीला नीट करून घेतला, म्हणजे राग निवळला होता. पहिल्या दोन दवाखान्यांपर्यंत सगळं ठीक. मग रस्ता अरुंद झाला. डावं चाक फुटपाथच्या कडेला धडकलं, हादरा माझ्या मणक्यात गेला, पिवळा दिवा दोनदा लुकलुकला आणि गाडी अलगद सरळ झाली. ताई मान मागे करून विजयाने म्हणाली, बघ, ओढली की नाही? मी म्हटलं, ताई, तू कडेला धडकलीस. ती म्हणाली, कुठल्या कडेला?

मला वाटलं, चेष्टा करते आहे. पुढे डावीकडचा एक खड्डा तिने चुकवला नाही, गटाराचं एक झाकण चुकवलं नाही, उजवीकडचे मात्र सगळे सफाईने चुकवले. मग एक म्हातारा काठी टेकत डावीकडून रस्त्यात उतरला. मी ओरडलो. ताईचा हात ब्रेककडे गेलाच नाही. मी मागून वाकून हँडल उजवीकडे ढकललं, ब्रेक आवळला, बाकीचं त्या कॉम्प्युटरने केलं. गाडी थरथरत थांबली. म्हातारा शिव्या देत होता. ताई उजवीकडे मान वळवत पूर्ण फिरली, तेव्हा कुठे तो तिला दिसला.

"हा कुठून आला?" तिने विचारलं.

तो मघापासून तिथेच होता. मी किल्ली काढून घेतली आणि उरलेले दवाखाने तिला मागे बसवून मीच केले. नळ्या वेळेत पोचल्या.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळे उत्तम आहेत. त्यांनी मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्या बाईंनी ताईच्या पुढे कागद ठेवला आणि म्हणाल्या, तुमच्या आवडीचं काहीही काढा. ताईने अर्थातच गाडी काढली. सीट, टाकी, मागचं चाक, हँडलची उजवी मूठ, उजवा आरसा, पुढचं उजवं चाक, त्याचा शॉकसुद्धा स्प्रिंगेच्या वेटोळ्यांसकट. पेन्सिल खाली ठेवली आणि कागद माझ्याकडे सरकवून म्हणाली, बरोबर आहे ना रे? डावीकडे कोरा कागद होता. भावोजी तोंड फिरवून खिडकीपाशी गेले.

मेंदूच्या उजव्या भागात गाठ होती. डॉक्टर समजावून सांगत होत्या. डोळ्यांना डावीकडचं दिसतं, पण मेंदू त्याची दखलच घेत नाही. त्या माणसासाठी डावी बाजू नसतेच, म्हणून तिथे काही चुकतंय हेही त्याला पटत नाही, कितीही सांगा. ताई मान डोलवत ऐकत होती, दुसऱ्या कुणाबद्दल चाललंय तसं.

डॉक्टरांनी विचारलं, हे कधीपासून आहे? मी त्याच दिवशी गॅरेजमध्ये जाऊन गाडीला कॉम्प्युटर जोडला. तिसऱ्या दुरुस्तीनंतरच्या पाच आठवड्यांत एकशे सहा नोंदी होत्या. गाडी डावीकडे भरकटली म्हणून उजव्या चाकाला ब्रेक लावला, उजव्या चाकाला ब्रेक लावला, एकशे सहा वेळा तेच. त्याआधीच्या महिन्यांच्या नोंदींमध्ये डॉक्टरांना हवं असलेलं उत्तर होतं, तारीख आणि वेळेसकट. ते मी माझ्या हाताने पुसलं होतं.

लवकर कळलं असतं तर काय झालं असतं, असं मी डॉक्टरांना एकट्याने गाठून विचारलं. त्या म्हणाल्या, असं छातीठोक सांगता येत नाही. हे त्यांनी इतक्या मायेने सांगितलं की मला सगळं कळलं. दुचाकी असती तर ताई पहिल्याच महिन्यात पडली असती. हात मोडला असता, इस्पितळात गेली असती, कुणीतरी तपासलं असतं. मी तिला न पडणारी गाडी दिली. गाडी झिजली की नवे बुश टाकत राहिलो. ताई झिजत होती आणि मी चाकाशी झटत होतो. याचं खापर मी कुणाच्या माथी फोडू? दुकानदाराकडे जाऊन माफी मागितली. त्याला वाटलं मी प्यायलोय.

ऑपरेशन झालं. गाठ पुरती निघाली नाही, आणि निघणार नाही, असं सांगण्यात आलं. ताईचा डावा हात चादरीवर पडून असायचा, आणि विचारलं तर म्हणायची, दमलाय जरा. जेवताना भावोजी अर्ध्यात तिचं ताट अर्धं फिरवायचे आणि तिला नवं जेवण समोर आल्यासारखं वाटायचं. अजून वाढलंत? म्हणायची आणि मुकाट्याने खायची. आम्ही सगळे तिच्या उजवीकडे बसायला शिकलो होतो.

एका दुपारी उजवीकडच्या खुर्चीवर भावोजी संत्रं सोलत बसले होते, आणि दुसरी खुर्ची पलंगाच्या डावीकडे होती. मी आलो, आवाज न करता त्या खुर्चीवर बसलो. ताईपासून हातभर अंतरावर होतो मी. तिचा गाल, कानामागचे बारीक केस, सगळं दिसत होतं. ती भावोजींशी बोलत होती. मी आल्याचं तिला कळलं नाही.

"पान्याला डॉक्टरांकडे न्या हो," ती म्हणाली.

भावोजींनी माझ्याकडे बघितलं. मी मानेनेच नको म्हटलं.

"मी उगाच लोकांसमोर बोलले त्याला. इथे पडल्या पडल्या विचार करत होते. तीनदा गाडी केली त्याने. तिन्ही वेळा उजवीकडे एक नट ढिला नाही, आणि डावीकडचं काम तेवढं राहून गेलं. पान्याचं काम असं राहतं का कधी? त्याला डावीकडचं दिसत नसणार. आजारी असेल तो, आणि सांगणार नाही, रागीट आहे." ती थांबली, दम खाल्ला. "माझंच चुकलं. मी गाडीवरून भांडत बसले. माणसाकडे बघितलंच नाही."

भावोजींच्या हातातलं संत्रं तसंच राहिलं. माझ्या ताईला मी तीन वेळा बघितलं, तिन्ही वेळा फक्त चाक बघितलं. तिने मात्र मोडलेल्या चाकातून माझ्यापर्यंत वाट काढली होती, तीही चुकीची, आणि माझ्या काळजीने.

मी उठलो, पलंगाला वळसा घालून उजवीकडे गेलो. भावोजी बाजूला सरकले. मी दिसताच तिचा चेहरा खुलला. कधी आलास, तिने विचारलं. आत्ताच, मी म्हणालो. तिने उजव्या हाताने माझं मनगट धरलं आणि जवळ ओढलं, पकड अजून तशीच घट्ट होती.

"माझं एक ऐकशील? डॉक्टरांना दाखवून घे. लवकर दाखव, अंगावर काढू नकोस."

"दाखवतो."

"गाडी राहू दे. गाडीचं काही नाही रे. तू भिऊ नकोस, मी येते तुझ्याबरोबर."

मी म्हणालो, हो, तूच ये.